गाडीचं नाक

चिंचपोकळी स्टेशनाबाहेरच्या एका गल्लीत रघु तळवडेकरचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणायचं ते कौतुकाने. खरं तर एक शटर आणि त्या शटरासमोरचा गल्लीचा तुकडा. आत एक गाडी मावते, बाहेर एक. तिसरी आली की शेजारचा इस्त्रीवाला तोंड वाकडं करतो आणि जागाही करून देतो, कारण त्याच्या स्कूटरचा क्लच रघुनेच बसवलाय.

रघु साठीला टेकलाय. अंगाने काटकुळा, आवाजाने दांडगा, आणि डोकं म्हणाल तर सकाळी अकरापर्यंत थंड. अकरानंतर कोणी "मामा, अंदाजे काय असेल?" असं विचारलं की संपलंच! "अंदाजे पाहिजे तर ज्योतिष्याकडे जा. इथे बघून सांगतात." नीट तपासल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलायचा नाही, हा त्याचा पहिला नियम. दुसरा त्याहून कडक. बिघाड सापडला की तो कोणामुळे झाला हे त्या माणसाला तोंडावर सांगायचं, आणि मेलेला पार्ट माळेवर चढवायचा.

माळ म्हणजे मागच्या भिंतीवर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणलेली एक तार. तिच्यावर तीस वर्षांचे मेलेले पार्ट लटकताहेत आणि प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी, रघुच्या गिचमिड अक्षरातली. "यशोधन, नायगाव. हँडब्रेक लावून चालवली, दादरपर्यंत." "चिंतामणी सर, दादर. ऑइल अजून चांगलं दिसतंय म्हणाले, तीन वर्षं." एका कुरतडलेल्या वायरीखाली लिहिलंय, "उंदीर. नाव कळलं नाही." गिऱ्हाइकं रागावत नाहीत का? रागावतात ना! पण पुढच्या खेपेला येतात तेव्हा आधी माळेपाशी जाऊन आपलं नाव अजून आहे ना ते बघतात. आणि कोणी चिडून विचारलंच, "तुझं नाव कुठाय रे यात?" तर रघु छाती काढून सांगतो, "ज्या दिवशी माझं नाव माळेवर चढेल त्या दिवशी अख्ख्या गल्लीला कोंबडी-वडे!" तीस वर्षं झाली, गल्ली उपाशी आहे.

आता या रघुची बायको सुभद्रा. ती बाळं न्हाऊ घालते. लालबाग-परळमधली निदान दोन-तीनशे पोरं तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथी पडून, भोकाड पसरून न्हायली असतील. त्यातली काही आता दाढीमिशांची झालीत आणि रस्त्यात दिसली की तिच्या पाया पडतात. तेल, अंघोळ, आणि मग धुरी. धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं आणि वर चिमूटभर ऊद टाकायचा, बाळाला पंच्यात गुंडाळून त्या धुरावरून हलकेच फिरवायचं. बाळ तिथल्या तिथे झोपतं. पण गेल्या काही वर्षांत डॉक्टरणी ओरडायला लागल्या, धूर बाळाच्या छातीला वाईट, धुरी बंद करा म्हणून. सुभद्रा भांडखोर नाही. तिने धुरी बंद केली. पण तीस वर्षांचा हात, तो असा एका दिवसात थोडाच थांबतो? तिच्याकडची सगळी उरलेली धुरी मग गेली एकाच ठिकाणी. तिच्या लेकीच्या गाडीला.

लेक आकांक्षा, चोवीस वर्षांची, एकुलती एक. बी.कॉम. झाली, एका ऑफिसात चिकटली, वर्षभर खुर्चीत बसली आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "अप्पा, मी गाडी चालवणार. धंदा म्हणून. ओळखीचीच माणसं घेईन." रघुला कोण आनंद! त्याने स्वतः दहा गाड्या नाकारून एक वापरलेली पेट्रोल गाडी तिला निवडून दिली. सुभद्रा मात्र एवढंच म्हणाली, "चालव. पण मी नाही बसायची त्यात. माझ्याने बघवणार नाही." आणि खरंच, दोन वर्षांत ती एकदाही त्या गाडीत बसली नाही. पण दर शनिवारी संध्याकाळी आणि दर अवसेला धुपाटणं पिशवीत घालून ती लालबागहून चालत गॅरेजवर यायची, इस्त्रीवाल्याकडून चार निखारे मागून घ्यायची आणि गाडीला धुरी द्यायची. तेवढंच तिच्या हातात होतं.

आकांक्षाचं बरं चाललं होतं. चिंतामणी सरांनी माळेवर नाव चढल्यावर स्वतःची गाडी विकून टाकली होती. त्यांच्या पत्नी पद्मजाबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना दादरहून परळला व्यायामाला न्यायचं-आणायचं काम आकांक्षाकडे आलं. पद्मजाबाई मोठ्या बोलक्या. त्यांनी सांगून सांगून आणखी चार घरं तिला जोडून दिली. "पोरगी ब्रेक मारते ते कळतसुद्धा नाही," हे त्यांचं प्रमाणपत्र.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी गाडी बिघडली.

बिघडली म्हणजे सरळ बंद पडली असती तर बरं. तसं नाही. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. निघताना झटके मारायची. पिकअप द्यावा तर आधी खोकायची, मग विचार करायची आणि मग निघायची. चढावर तर जीव काढायची. दोनदा, पद्मजाबाई मागे बसलेल्या असताना, परळच्या पुलाच्या चढावरच बसकण मारली. मागे सगळा मुंबईभरचा हॉर्न! दुसऱ्या वेळी पद्मजाबाईंना पोलिसाच्या खुर्चीत वीस मिनिटं बसावं लागलं.

रघुने काय काय केलं म्हणाल? थ्रॉटल साफ केला, पेट्रोलचं प्रेशर बघितलं, कॉइल तपासली. गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावला तर तो म्हणतो, काही दोष नाही. रघु चडफडला. गुरुवारी तर त्याने पाप केलं. प्लग चांगले होते, तरी नुसत्या अंदाजाने चारही नवे टाकले. तीस वर्षांचा नियम पोरीसाठी मोडला आणि तोही फुकट गेला. गाडी तशीच खोकत राहिली.

शुक्रवारी चिंतामणी सरांचा फोन आला. सर अत्यंत सभ्य माणूस, आवाज चढवायचे नाहीत. "आकांक्षा, तुझ्याबद्दल तक्रार नाही गं. पण हिला आता भीती बसलीये. सोमवारी गाडी ठीक असेल तर ये. नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल." फोन ठेवून आकांक्षा गॅरेजच्या पायरीवर बसली. रडली नाही, पण नखं खायला लागली, आणि ते रघुला रडण्याहून वाईट वाटतं.

"अप्पा, सरांनी सोडलं की बाकीची चार घरंही जाणार. पद्मजाबाईंमुळेच आलीत ती. सोमवारपर्यंत नाही झालं तर विकून टाकू. मी परत ऑफिसात जाईन."

"विकायची भाषा नको," रघु खेकसला. पण त्या रात्री त्याला घास गेला नाही.

शनिवारी सकाळी त्याने बाकीच्या गाड्यांना सुट्टी दिली. शटर उघडलं, आकांक्षाला ड्रायव्हिंग सीटवर बसवलं, इंजिन चालू ठेवलं आणि स्वतः स्टूल घेऊन स्कॅनरसमोर बसला. या वेळी दोष काय हे त्याने स्कॅनरला विचारलंच नाही. नुसते आकडे बघत बसला, एकेक, सावकाश.

आणि एक आकडा त्याच्या डोळ्यांत खुपला. ही गाडी नुसती उभी असताना सेकंदाला दोन ग्रॅमच्या वर हवा आत ओढायला हवी. स्कॅनर दाखवत होता दीड. "रेस दे," तो ओरडला. आकांक्षाने रेस दिली. इंजिन गुरगुरलं, पण आकडा आपला पेंगत पेंगत वर चढला, पुरता चढलाच नाही.

"हवा कमी ओढतेय?" आकांक्षाने खिडकीतून विचारलं.

"हवा बरोबर ओढतेय गो. सांगणारा खोटं सांगतोय."

सांगणारा म्हणजे एअरफ्लो सेन्सर. फिल्टरमधून आलेली हवा इंजिनात जाते त्या वाटेवर तो बसलेला असतो. त्यात केसाएवढी बारीक तार तापवून ठेवलेली असते. हवा तिच्यावरून गेली की तार थंड होते, आपण बशीतल्या चहावर फुंकर मारावी तशी. ती किती थंड झाली यावरून गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं किती हवा आली, आणि तो तेवढ्या हवेचं पेट्रोल देतो. आता त्या तारेवर काही थापलं गेलं, तर तिला वारा लागायचा कसा? ती सांगणार, हवा थोडीच आली. कॉम्प्युटर पेट्रोल थोडंच देणार. इंजिन उपाशी, चढावर चक्कर येऊन पडणार. आणि आकडा अगदीच वेडावाकडा नसल्यामुळे स्कॅनर बापडा म्हणणार, काही दोष नाही.

पण रघु तो रघुच. नुसत्या आकड्यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने बॉनेटमध्ये हात घातला आणि सेन्सरचं सॉकेट उपटून काढलं. गाडीने एक उचकी दिली आणि आवाज सरळ झाला. थरथर गेली. सेन्सरच नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर स्वतःच्या हिशेबाने पेट्रोल द्यायला लागला, आणि त्या आंधळ्या हिशेबावरही गाडी बरी चालत होती.

"जा, कोपऱ्यापर्यंत जाऊन ये!" आकांक्षा गेली आणि आली. झटका नाही, खोकला नाही. तिने गाडीतूनच दोन्ही मुठी वर केल्या. रघुने मात्र इंजिन बंद करायला लावलं. कोण खोटं बोलतंय ते कळलं होतं. का बोलतंय, ते कळायचं होतं.

दोन स्क्रू काढून त्याने सेन्सर बाहेर काढला, टॉर्च मारली. तारेवर पिवळट-तपकिरी थर. धूळ नव्हे, तेलही नव्हे, काहीतरी चिकट, तापून तापून घट्ट बसलेलं. त्याने फिल्टरची पेटी उघडली. तीनच महिन्यांपूर्वीचा फिल्टर, एका बाजूने काळवंडलेला. रघुने तो सवयीने नाकाशी नेला, आणि तसाच थांबला.

ओवा. वावडिंग. ऊद. तीस वर्षं ज्या पदराचा वास घेत तो झोपला होता, तो वास.

त्याने फिल्टर आकांक्षापुढे धरला. तिने हुंगला. तिचे डोळे मोठे झाले. "अप्पा," ती हळूच म्हणाली, "ही तर आई आहे."

दोघंही पायरीवर बसली. आधी आकांक्षाला हसू फुटलं, मग रघुला, मग इतकं हसली की इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊन बघायला आला. आणि मग हळूहळू हसू ओसरलं, कारण दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली. आता आईला सांगायचं कसं?

रघुने सेन्सरवर क्लीनरचा फवारा मारला, तारेला बोट न लावता. वाळू दिला. पुन्हा मारला. नवा फिल्टर टाकला, सेन्सर बसवला, सॉकेट लावलं. आकडा दोनच्या वर, स्थिर. रेस दिली की झरकन वर. गाडी बरी झाली होती. पार्ट बदलावासुद्धा लागला नाही.

पण माळ होती ना! रघुने जुन्या फिल्टरला तार ओवली, पुठ्ठा कापला, पेन काढलं आणि लिहिलं, "सुभद्रा, लालबाग."

"अप्पा, नको." आकांक्षाने त्याचा हात धरला. "आई मोडून पडेल. परत गाडीजवळ फिरकणार नाही ती."

"आणि नाही सांगितलं तर? संध्याकाळी परत धुरी देईल. सहा महिन्यांनी तू परत पुलावर."

"सांग. पण नाव नको लटकवूस."

"नियम म्हणजे नियम. बाप असता तरी लटकवला असता." असं बोलून रघु पेन हातात घेऊन बसला खरा, पण पुढचं लिहवेना. काय लिहायचं? सुभद्रा, जीव लावला? आणि तेवढ्यात त्याला तो दिवस आठवला.

गाडी नवी आलेली. सुभद्रा धुपाटणं घेऊन पहिल्यांदा गॅरेजवर आली होती. बाळाला धुरी देताना नाक-छाती बघून देतात, म्हणून तिने भाबडेपणाने विचारलं, "अहो, हिचं नाक कुठे?" तीन गिऱ्हाइकं उभी होती. रघुला चेव आला. त्याने बॉनेट उघडलं, हवा ओढणाऱ्या पाइपचं काळं तोंड दाखवलं आणि मोठ्याने म्हणाला, "हे बघ नाक! आणि चालू गाडीलाच दे हां धुरी, बंद गाडी श्वास नाही घेत!" गिऱ्हाइकं खो-खो हसली. रघुही हसला. सुभद्रा हसली नाही. तिने ते लक्षात ठेवलं. नवरा गाडीतला जाणकार, तो सांगतो म्हणजे तसंच असणार. त्या दिवसापासून दोन वर्षं, दर शनिवारी, दर अवसेला, ती आकांक्षाला इंजिन चालू करायला लावून त्या पाइपाच्या तोंडाशी धुपाटणं धरून उभी राहायची. आणि रघु? रघु समोरच्या नळावर साबणाने हात धूत उभा असायचा. दर वेळी. बघत!

रघुच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. लाज वाटली त्याला, अगदी मनापासून वाटली. त्याने पुठ्ठा टराटरा फाडला, दुसरा कापला, एका दमात लिहिला आणि फिल्टर माळेवर चढवून टाकला.

पाच वाजता सुभद्रा आली. पिशवीतून धुपाटणं काढलं, इस्त्रीवाल्याने निखारे घातले. तोही लबाड आज गालात हसत होता. ती गाडीकडे वळणार, तोच रघु आडवा आला.

"थांब जरा. बिघाड सापडला."

"सापडला? काय होतं?"

रघुने घसा खाकरला. तोंडावर सांगण्यात ज्याचा हात कोणी धरला नाही तो माणूस, चपलेने जमीन उकरायला लागला. शेवटी बोटाने माळेकडे खूण केली. सुभद्रा आत गेली. फिल्टर हातात घेतला, वास घेतला, आणि तिला लगेच कळलं. आपल्या हातचा वास कोणाला कळत नाही?

"ह्यो माझो ऊद," ती म्हणाली. ती घाबरली की मालवणीवर येते. "म्हंजे गाडी माझ्यामुळा बंद पडत होती? ती बाय माझ्यामुळा रस्त्यात बसली?" तिने फिल्टर पुन्हा नाकाशी नेला. "माझ्या चेडवाक, आकांक्षाक कोणाची नजर लागू नये म्हणान देय होतंय मी. आणि मीच..."

"आई, आधी चिठ्ठी वाच," आकांक्षा म्हणाली.

सुभद्राने चष्मा लावला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, "रघु तळवडेकर. बायकोला गाडीचं नाक दाखवलं आणि हसला."

तिने ते दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून नवऱ्याकडे बघितलं. रघु म्हणाला, "तुझी काही चूक नाही. तू जीव लावलास. मी टिंगल केली आणि दोन वर्षं समोर उभा राहून बघितलं तरी डोक्यात आलं नाही. मेकॅनिक मी आहे, तू नाहीस." एवढं सरळ तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असेल.

सुभद्राने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणजे डॉक्टरीण सांगत होती ते खरंच. नाकात धूर नको." मग गाडीकडे बघत, "आता चढेल पुलावर?"

"आत्ता जातेय बघायला," आकांक्षा म्हणाली. "त्याच पुलावर."

सुभद्राने धुपाटणं इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली ठेवलं, पदर खोचला आणि गाडीचं मागचं दार उघडून आत बसली. पद्मजाबाई बसतात तिथेच. रघु धावत जाऊन पुढे बसला.

परळच्या पुलाचा चढ आला. सुभद्राने डोळे घट्ट मिटले, एका हाताने दाराचं हँडल धरलं, दुसऱ्या हाताने लेकीच्या सीटची पाठ. गाडी चढली. नुसती चढली नाही, मजेत चढली, पुढच्या टॅक्सीला मागे टाकून. वर पोचल्यावर वारा आत आला तेव्हा सुभद्राने डोळे उघडले आणि मग पूल उतरेपर्यंत ती पुढच्या आरशात दिसणाऱ्या आकांक्षाच्या कपाळाकडेच बघत होती. खाली सिग्नल लागला. गाडी थांबली, कळलंसुद्धा नाही.

"गो, खरंच कळत नाही गं ब्रेक," सुभद्रा म्हणाली. "सरांना फोन कर. सांग, सोमवारी येते म्हणून."

आकांक्षाने गाडी कडेला घेऊन फोन केला. पलीकडून सरांच्याऐवजी पद्मजाबाईंचाच आवाज आला, "अगं बाई, सुटले! साडेआठला खाली उभी राहते!"

परत आल्यावर रघुने सेन्सर पुन्हा तपासायला बॉनेट उघडलं, पण तोवर गल्लीत बातमी फुटली होती. माळेसमोर गर्दी. इस्त्रीवाला चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवत होता आणि लोक विचारत होते, "मामा, कोंबडी-वडे कधी?" रघु म्हणाला, "उद्या! उद्या रविवार आहे, या सगळे मेल्यांनो!"

सुभद्राचं लक्ष नव्हतं. तिने टेबलाखालून धुपाटणं काढलं. निखारे अजून धगधगत होते. तिने वर चिमूटभर ऊद टाकला, धूर उठला, आणि ती आकांक्षासमोर जाऊन उभी राहिली.

"वाक."

"आई, इथे? सगळे बघताहेत!"

"बघू देत. दोन वर्षं गाडीला देत राहिले. माझं बाळ कुठे गाडी आहे? तोंड नको, नुसते केस. वाक."

चोवीस वर्षांची, पाच घरांची लाडकी ड्रायव्हर, भर गल्लीत मान खाली घालून उभी राहिली. सुभद्राने तिचा केसांचा रबर काढला, केस मोकळे केले आणि धूर हळूहळू त्यातून फिरवायला लागली, तोंडाने काहीतरी पुटपुटत. रघुने ते पाहिलं आणि तो लगबगीने गाडीकडे धावला.

"थांब थांब," तो म्हणाला, "आधी बॉनेट लावून घेतो."